कोकम सरबताच्या रंगाचा प्लाझ्मा

एमएस्सी बायोकेमिस्ट्री करून पुण्यात एका प्रकल्पावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. विषय होता मधुमेहींच्या रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांमुळे पेशींवर येणारा ताण) आणि हृदयविकाराचा धोका. मुलाखतीला सुपरऑक्साइडपासून (ऑक्सिजनचं असंच एक रूप) सगळं घोकून गेले होते. प्रकल्प सांभाळणाऱ्या मॅडमनी विचारलं, "टूर्निकेट किती वेळ बांधून ठेवशील?" मी गप्प. (रक्त काढताना दंडाला बांधायचा तो पट्टा, एक मिनिटाच्या आत सोडायचा.)

तुम्हालाही या कामात यायचं असेल, तर पहिले काही महिने मशीनपेक्षा माणसांशीच जास्त संबंध येतो, हे आधीच धरून चला. "काका, उपाशीपोटी आलात ना?" "हो हो. फक्त बिनसाखरेचा चहा. आणि अर्धी पोळी, गोळी घ्यायची म्हणून." तंबाखू विचारली की काकू "छे!" म्हणतात, मशेरी विचारली की, "ती लावते की रोज." मशेरीचा वेगळा रकाना आम्ही त्यानंतर घातला.

माझी फजिती एमडीएने केली. चरबीचं ऑक्सिडेशन झालं की मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजेच एमडीए, तयार होतं. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर 95 अंशांना तापवलं की गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचा. एप्रिलमधल्या एका तपासणी कॅम्पहून नळ्या आणताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, बर्फाचं पाणी झालं, सेंट्रिफ्यूजला (नळ्या गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायचं यंत्र) चार तास उशीर. आकडे मात्र भरघोस आले आणि मी खूश! पेशी खाली बसल्यावर वर उरतो तो रक्ताचा द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा. मॅडमनी रॅक खिडकीशी धरला. "प्लाझ्मा फिकट पिवळा असतो ना? मग हा कोकम सरबतासारखा का?" लाल पेशी फुटल्या होत्या. त्यातलं हिमोग्लोबिन त्याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतं, शिवाय हिमोग्लोबिनमधलं लोह तापवताना आणखी एमडीए बनवतं. सगळा रॅक बाद. तेव्हापासून रक्त घेतल्याची, फिरवल्याची आणि उणे 80 अंशांना ठेवल्याची वेळ मी नळीगणिक लिहिते.

वाचन कुठून सुरू करायचं? माझ्या मते हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांवर झालेल्या होप या औषध-चाचणीपासून. 2000 साली तिचे निकाल आले. साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना सरासरी साडेचार वर्षं रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई हे अँटीऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ) दिलं, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. अँटीऑक्सिडंटच्या डब्यांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. मग पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा लॅन्सेटमधला 2004 चा फोटो पाहा. दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी एकाची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची 21.2. नुसत्या वजन-उंचीवरून चरबी कळत नाही, म्हणून कंबर मोजायची. तीही साडीच्या निऱ्यांवरून नाही.

स्टायपेंड उशिरा येतो, एवढंच सांगते.

आणि एक प्रश्न येणारच. "मॅडम, माझा स्ट्रेस किती आला? सूनबाई म्हणते मी फार चिडतो." हा तो स्ट्रेस नव्हे, हे समजावताना पाच मिनिटं जातात. एमडीएचा आकडा आमच्या अभ्यासापुरता. डॉक्टर औषध ठरवतात ते रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लघवीतलं अल्ब्युमिन बघून. काका फाइल घेतात, दारापर्यंत जातात आणि वळून विचारतात, "पण जास्त तर नाही ना आला?"