घरी रीफ अक्वेरियम कसं उभारावं आणि कसं टिकवावं

रीफची टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावायची म्हटलं की लक्ष आधी माशांकडे आणि निळ्या दिव्यांकडे जातं. खरं काम पाण्याचं आहे. दगडी प्रवाळ पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःचा सांगाडा बांधतं, आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतं. खुल्या समुद्रात हे पाणी जवळजवळ सारखंच राहतं, पण काचेच्या टाकीत ते दोन दिवसांत बदलू शकतं. त्यामुळे एखादा आकडा पुस्तकातल्या आदर्शापासून थोडा दूर असला तरी चालतो, मात्र तो रोज खालीवर होता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

टाकी, जागा आणि यंत्रं

पहिली टाकी १५० ते ३०० लिटरची घ्या. लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते: दिवसभराच्या बाष्पीभवनाने खारटपणा चढतो आणि कोपऱ्यात मेलेला एक मासा सगळं पाणी बिघडवतो. वजनाचा विचार आधीच करा. २०० लिटरची टाकी पाणी, खडक, काच आणि स्टँड धरून ३०० किलोच्या आसपास जाते, म्हणून जमीन भक्कम हवी आणि स्टँड पातळीत हवा. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा. विजेचे सॉकेट पाण्याच्या वाटेत येणार नाहीत असे लावा, प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली लोंबती ठेवा म्हणजे ओघळ सॉकेटात शिरणार नाही, आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवाच.

टाकीखाली सम्प, म्हणजे पाणी उतरून पंपाने परत वर जाणारी दुसरी टाकी, असला तर हीटर, स्किमर वगैरे तिथे ठेवता येतात आणि एकूण पाणीही वाढतं. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर सगळं चालवून बघा. पंप बंद करा आणि वरून उतरणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावतं का ते पाहा. वीज गेल्यावर नेमकं हेच घडणार आहे.

प्रवाहासाठी वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी फिरवणारे पंप, लागतात. मऊ प्रवाळांसाठी तासाला टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरलं तरी पुरतं, दगडी प्रवाळांना ३० पट किंवा त्याहून जास्त लागतं. दोन पंप असे लावा की त्यांचे झोत एकमेकांवर आदळून विस्कटतील, कारण सरळ झोत प्रवाळाच्या अंगावरचं मांस सोलून काढतो. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवा. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्या आणि ते वेगळ्या कंट्रोलरवर चालवा. हीटर बंद पडण्यापेक्षा चालू अवस्थेत अडकला तर टाकी लवकर मरते. खोली तापत असेल तर पंखा किंवा चिलर लागेल. पंखा बाष्पीभवनाने पाणी गार करतो, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढण्याची सोय त्याच्यासोबत हवीच.

ही सोय म्हणजे ऑटो टॉप-ऑफ. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करायची. माझ्या मते महागड्या दिव्याआधी हे साधं उपकरण घ्यावं. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसावर सेंद्रिय मळ चढवून तो कुजण्याआधीच बाहेर काढतो, शिवाय पाण्यात ऑक्सिजन मिसळतो.

पाणी बनवणं

नळाच्या पाण्यात क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट आणि कधीकधी तांबंही असतं, आणि तांबं शंख-कोळंब्यांना मारतं. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून, गेलेलंच पाणी वापरा, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. पिण्याच्या पाण्याचा नुसता आरओ इथे पुरा पडत नाही.

रीफसाठी बनवलेलं मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. आधी पाणी घ्या, पंप चालू करा आणि मीठ हळूहळू सोडा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियमचा साका बसतो आणि पाणी दुधाळ होतं. काही तास फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाने मोजा: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवत असला तरी ३५ वर चुकू शकतो, म्हणून तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

खडक आणि वाळू

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून, फारशा यंत्रांशिवाय प्रवाळ सांभाळण्याची पद्धत लिहून मांडली. आजच्या टाक्यांचा पायाही तोच आहे. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन वापरणारे जीवाणू राहतात, तर आत खोलवर ऑक्सिजन नसलेल्या पोकळ्यांत राहणारे जीवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात. आता कोरडा खडकही मिळतो. त्यातून नको असलेले जीव येत नाहीत, पण तो तयार व्हायला जास्त वेळ घेतो. दहा लिटरला सुमारे एक किलो खडक पुरतो, त्याहून कमी ठेवलात तरी प्रवाहाला जागाच मिळते. खडक आधी तळाच्या काचेवर टेकवा आणि मग अरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची वाळू पसरा. वाळूवर उभी केलेली रचना खोदणाऱ्या गोबी माशांमुळे ढासळते. मागच्या आणि बाजूच्या काचेपासून हात फिरेल एवढं अंतर सोडा.

जिवंत खडक किंवा झोअँथिड जातीचं मऊ प्रवाळ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका. काही झोअँथिड आणि पॅलिथोआ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ते वाफेबरोबर किंवा तुषारांबरोबर श्वासात गेल्यामुळे घरची माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत. अशा प्रवाळांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला.

टाकी पिकू देणं

आता महिना-दीड महिना मासे आणायचे नाहीत. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया बनतो, आणि तो विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जीवाणू पुरेसे वाढल्याशिवाय टाकीत जीव सोडणं क्रूर आहे. बाटलीतला अमोनिया घालून पातळी लिटरला २ मिलिग्रॅमवर आणा, बाटलीतले जीवाणू मिळाले तर तेही घाला, पंप आणि हीटर चालू ठेवा, दिवे बंद. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या चाचणीवर विसंबू नका, कारण त्याच्यामुळे ती खोटा चढा आकडा दाखवते.

परीक्षा सोपी आहे. पुन्हा २ मिलिग्रॅम अमोनिया घाला आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर टाकी तयार. मग पाण्याचा मोठा भाग बदला आणि दिवे सुरू करा.

यानंतर काही आठवडे टाकी कुरूप दिसते: आधी तपकिरी डायटम शैवाल, मग हिरवं केसाळ शैवाल, कधी लालसर बुळबुळीत सायनोबॅक्टेरिया. हे जवळपास सगळ्यांकडे येतं. ट्रोकस, सेरिथ असे शैवाल खाणारे शंख सोडा, हाताने उपटता येईल तेवढं उपटा आणि रसायनांच्या बाटल्यांपासून लांब राहा.

मासे

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवा. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी, म्हणजे खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, एकदा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालताच येत नाही, कारण ते प्रवाळ-शंखांचा जीव घेतं. या कटकटीपुढे विलगीकरणाचा महिना काहीच नाही.

मासा बराच काळ पिशवीतून आला असेल तर पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. विलगीकरणाच्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीएवढा ठेवा, बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मासा जाळीने उचलून सोडा.

ओसेलॅरिस क्लाउनफिश, रॉयल ग्रामा, वॉचमन गोबी हे सुरुवातीला चांगले. फायरफिश उडी मारतो, त्याला वर जाळीचं झाकण हवंच. मँडरिन मासा देखणा आहे, पण तो कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. ब्लू टँगला या मापाची टाकी पुरत नाही. शक्य असेल तिथे टाकीत पैदास झालेले मासेच घ्या. बांगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या परिसरातलाच, आणि या छंदासाठी झालेल्या पकडीने त्याची संख्या तिथे फार घटली. त्याची पैदास टाकीत होते, म्हणून समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण उरत नाही.

प्रवाळ

मऊ प्रवाळांपासून सुरुवात करा: मशरूम, झोअँथिड, लेदर. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया मुख्य खडकावर लावू नका, ते सगळं व्यापतात. त्यांना वाळूत वेगळा दगड द्या. दोन-तीन महिने पाणी स्थिर राहिलं की डंकन, हॅमर, टॉर्च ही दगडी प्रवाळं आणा. टॉर्चच्या लांब डंखी शुंडा रात्री शेजाऱ्यावर पसरतात, म्हणून भोवती वीतभर जागा सोडा. अॅक्रोपोरा हे नाजूक दगडी प्रवाळ आणि समुद्रफुलं पहिल्या वर्षी नकोतच.

प्रत्येक तुकडा टाकीत घालण्याआधी डिप, म्हणजे कीड पाडणाऱ्या द्रावणात बुडवून हलवा, म्हणजे चपटे कृमी आणि न्यूडिब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगाई) गळून पडतात. अंडी मात्र डिपने मरत नाहीत, ती खरवडून काढा. प्रकाशाची तीव्रता पारमध्ये, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाच्या मापात, मोजतात: मऊ प्रवाळांना ५० ते १५०, अॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५०. दिवसाला आठ ते दहा तास दिवे पुरेत. नवा प्रवाळ आधी तळाला ठेवून आठवड्यांच्या अंतराने वर सरकवा. एकदम तीव्र प्रकाशात गेला तर तो पेशींतलं शैवाल टाकून पांढरा पडतो.

दगडी प्रवाळांचा व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ खाली येतो, आणि काही देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत. काय बाळगता येतं ते आधी पाहा.

अल्कलिनिटी: रोजची खूण

अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, आणि ती डीकेएच या एककात मोजतात. एकच चाचणी परवडत असेल तर ही घ्या. लक्ष्य असे: अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ठरावीक प्रमाणात वापरतं: १ डीकेएच खर्च होतं तेव्हा कॅल्शियम साधारण ७ मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ७ वर आली तर ती घट ठळक दिसते, पण कॅल्शियम ४२० चं ४१३ झालं तर तो फरक चाचणीच्या चुकीत बुडून जातो.

काही दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी मोजा. सोमवारी ८.६ आणि गुरुवारी ८.० असेल तर तुमच्या टाकीचा खर्च दिवसाला ०.२ आहे. तेवढीच भरपाई रोज घाला. प्रवाळ थोडं असेपर्यंत पाणी बदलण्यातूनच ती होते, पुढे टू-पार्ट द्रावणं, एक कॅल्शियमचं आणि एक अल्कलिनिटीचं, लागतात. ही दोन द्रावणं एकामागोमाग एकाच जागी ओतू नका, साका बसतो. आकडा खाली गेला असेल तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. अचानक झालेल्या चढउताराने अॅक्रोपोराचं मांस बुडाकडून सुटायला लागतं. आणि एरवी रोज घटणारी अल्कलिनिटी एका जागी थांबली, तर आनंद मानू नका. प्रवाळांची वाढ थांबली आहे. तापमान, खारटपणा आणि प्रवाह लगेच तपासा.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही धरत नसतील तर मॅग्नेशियम मोजा. ते कमी पडलं की बाकीचं साका होऊन खाली बसतं.

दर आठवड्याचं काम

काच पुसा, स्किमरचा कप धुवा, सुमारे १० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा जुन्याएवढाच हवा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवा. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नका, प्रवाळं फिकी पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचं त्रासदायक सूक्ष्म शैवाल डोकं वर काढतं. दर दोन-तीन महिन्यांनी पंप व्हिनेगरच्या पाण्यात चालवून त्यांच्यावरचा चुना उतरवा. वीज गेली तर पहिली कमतरता ऑक्सिजनची भासते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारीच ठेवा आणि वीज येईपर्यंत खाणं घालू नका.

वर्षभरात प्रवाळं वाढली की ती प्रवाह अडवतात आणि एकमेकांवर सावली धरतात. मग छाटणी करावी लागते. धारदार कटरने फांदी तोडा, तुकडा सायनोअॅक्रिलेट जेलने (सुपरग्लूने) सिरॅमिकच्या प्लगवर चिकटवा आणि मध्यम प्रवाहात, आधीपेक्षा थोड्या कमी प्रकाशात ठेवा. हे तुकडे दुसऱ्या छंदिष्टाला द्या, म्हणजे तेवढी खरेदी समुद्रातून होत नाही. काही आठवड्यांत कापलेल्या कडेवरून पातळ मांस प्लगवर पसरू लागलं की तुकडा लागला. त्याआधी तो कुणाला देऊ नका.