नॅनो औषधे, खाद्यपूरके आणि चाचणीच्या पट्ट्या : पशुपालनात या चुका टाळा

दुधातील प्रतिजैविकांचे अंश दाखवणाऱ्या पट्ट्या, खाद्यात घालायचे जस्त व सेलेनियम, पिण्याच्या पाण्यात मिसळायचे चांदीचे द्रावण अशा रूपांत नॅनो तंत्रज्ञान गोठ्यापर्यंत आणि कुक्कुटशाळेपर्यंत पोहोचले आहे. वापरात जे बिघडते त्यामागे बहुतेक वेळा एकच समजूत असते : नॅनो म्हणजे तोच पदार्थ, फक्त अधिक बारीक दळलेला. प्रत्यक्षात एक मायक्रोमीटर, म्हणजे १,००० नॅनोमीटर, व्यासाच्या कणाचे ५० नॅनोमीटरचे कण केले, तर वजन तेवढेच राहते आणि पृष्ठभाग मात्र वीसपट होतो. शरीराशी, जंतूंशी आणि पाण्यातल्या क्षारांशी गाठ पडते ती या पृष्ठभागाची.

म्हणूनच सर्वांत महागात पडते ती मात्रेची चूक. दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांची हगवण रोखण्यासाठी झिंक ऑक्साइडच्या रूपात किलोभर खाद्यामागे सुमारे २,५०० मिलिग्रॅम जस्त देण्याची पद्धत रुळली होती. विष्ठेतून जमिनीत साठणारे जस्त आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू, या दोन कारणांनी युरोपीय संघाने हा औषधी वापर जून २०२२ मध्ये बंद केला. नॅनो झिंक ऑक्साइडकडे पर्याय म्हणून पाहिले जाते ते कमी मात्रेत काम भागावे म्हणूनच. ते जुन्याच मापाने घातले तर पिलांनाही त्रास आणि जमिनीवरही तोच भार. सेलेनियमच्या बाबतीत तर हात आणखी आखडता हवा, कारण जनावराची गरज किलोभर खाद्यामागे साधारण ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम इतकीच असते. नॅनो सेलेनियम हे सेलेनाइट या सेलेनियमच्या नेहमीच्या क्षारापेक्षा कमी विषारी ठरल्याचे प्रयोगांत दिसले आहे, पण खनिज मिश्रणात सेलेनियम आधीच असताना वरून दुसरे पूरक देण्याला तो परवाना नव्हे. केस झडू लागले, खुरांना भेगा पडल्या, जनावर लंगडू लागले, तर नवे औषध सुरू करण्याआधी सगळ्या पिशव्यांवरची लेबले समोर मांडून सेलेनियमची बेरीज करावी आणि ती पशुवैद्यकांना दाखवावी.

दुधाच्या चाचणीत होणारी चूक वेगळ्या जातीची आहे, आणि ती टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असल्याने तिच्याविषयी अधिक लिहावेसे वाटते. पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. या आकारात सोने पिवळे दिसत नाही, तांबडे दिसते. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असलेला माणूस रेघ दिसली की ‘आहे’ असे समजतो. प्रतिजैविकांच्या बहुतेक पट्ट्यांत अर्थ उलटा असतो : दुधात औषध असेल, तर ते कणांवरच्या प्रतिपिंडांना, म्हणजे त्या औषधाला चिकटणाऱ्या प्रथिनांना, आधीच धरून ठेवते आणि चाचणीची रेघ फिकट होते किंवा उमटतच नाही. नियंत्रण रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेघ, उमटली नाही, तर चाचणी बाद धरावी, तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. शीतपेटीतून काढलेली डबी लगेच उघडल्यास गार पट्टीवर हवेतले बाष्प धरते आणि पुढे रेघा पसरट येतात. डबी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच उघडावी. चीक, कासदाहाचे दूध किंवा साय धरलेले दूध पट्टीवर नीट चढत नाही. निकाल सांगितलेल्या मिनिटालाच वाचावा, कारण उशिरा गडद झालेली रेघ फसवी असते.

चांदीचे द्रावण खाऱ्या किंवा जड पाण्यात ओतणे ही तिसरी चूक. क्लोराइडशी चांदीचे आयन बांधले जातात, कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे कण एकमेकांना चिकटतात आणि गाळ तळाशी बसतो. द्रावण करडे पडले किंवा तळाशी थर दिसला, तर ढवळून तेच पाजू नये. पाण्याची तपासणी करून घ्यावी. शिवाय चांदी रोगजंतू आणि आतड्यातले उपयोगी जंतू असा भेद करत नाही, त्यामुळे ‘काही झाले नाही तरी चालू ठेवा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

लसींत अ‍ॅल्युमिनियम क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतील, तर अति थंडीही घातक ठरते. बाटली गोठली की कण गुठळ्या करतात. वितळल्यावर ती पूर्ववत दिसते. पण हलवून ठेवल्यावर पांढरे पुंजके भराभर खाली बसून वर नितळ पाणी राहते. अशी लस टोचू नये. शीतपेटीत बाटल्या बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवू नयेत. लेबलवर २ ते ८ अंश सेल्सिअस लिहिलेले असेल, तर शून्याखाली जाणे हीदेखील चूकच.

नॅनो आवरणातले औषध शरीरात अधिक काळ राहू शकते. तेच औषध साध्या रूपात दिल्यावर दूध किंवा मांस किती दिवस विकायचे नाही, तो आकडा इथे चालत नाही. त्या उत्पादनाच्या लेबलवरचाच काळ पाळावा, आणि लेबलवर तो नसेल तर दूध देणाऱ्या जनावरावर ते वापरू नये. कोरडी नॅनो पूड खाद्यात मिसळताना ती उधळू नये म्हणून आधी थोड्या ओल्या खाद्यात कालवावी आणि कण रोखणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा, कारण हे कण फुप्फुसात खोलवर जातात.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे कणांचा आकार, तो कशाने मोजला आणि द्रावण किती दिवस स्थिर राहते, याची लेखी माहिती मागावी. नुसता ‘नॅनो’ हा शब्द छापलेली पिशवी ती माहिती देत नाही.