पॅनकेक फुगवायचा तर हात आवरा

आपल्याकडे पॅनकेक बिघडतात ते बहुतेक वेळा घावन-धिरडी चांगली जमतात म्हणून. पीठ गुठळी मोडेपर्यंत फेटायचं, तव्यावर पळीने पसरवायचं, कडा उलथण्याने दाबायच्या. हाताला लागलेलं हे सगळं वळण जाड, मऊ अमेरिकन पॅनकेकच्या मुळावर येतं. माझी पहिली खेप मी मिक्सरमधून फिरवली होती. पीठ रेशमासारखं झालं आणि पॅनकेक असे वातड, की घरच्यांनी नुसता जॅम चाटून खाल्ला. (इंग्लंडमधले पॅनकेक पातळच असतात, ते घावनाचे चुलतभाऊ. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

चौघांच्या नाश्त्याला आठ-दहा पॅनकेक पुरतात. त्यासाठी मैदा १९० ग्रॅम, म्हणजे २४० मिलीच्या कपाने दीड कप. साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. सोडा अंदाजाने टाकलात तर साबणासारखी चव येते आणि मग काकवीसुद्धा ती झाकू शकत नाही. ओल्या जिनसांत घट्ट दही २०० मिली, दूध १०० मिली, एक अंडं आणि दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी. परदेशी पाककृतींत 'बटरमिल्क' लिहिलेलं असतं, ते आपलं पातळ ताक नव्हे. दही-दूध एकत्र घुसळलं की त्याच्या जवळपास जाता येतं.

डब्यातली बेकिंग पावडर जुनी असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती बुडाली तर नवी आणा. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये ही पावडर बनवली ती बायकोसाठी, कारण तिला यीस्ट चालत नव्हतं. आपल्याला रविवारी सकाळी उठल्या उठल्या पॅनकेक करता येतात ते त्यामुळेच. नाहीतर आंबोळीसारखी आदल्या रात्रीच तयारी करावी लागली असती.

कोरडं सगळं एका पातेल्यात चाळून घ्या, ओलं दुसऱ्यात फेटा. मग ओलं कोरड्यात ओतून चमच्याने दहा-बारा वेळा हलवा आणि थांबा. गुठळ्या दिसतील, दिसू द्या. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पॅनकेक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट हवं, चमच्यावरून धबकन पडणारं. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, त्याहून जास्त नको. सोडा दह्यातल्या आंबटपणाला भेटताक्षणी कामाला लागतो आणि वेळ गेला की फुगे हवेत विरून जातात.

तवा सपाट घ्या. पोळीच्या खोलगट तव्यावर पीठ मध्ये गोळा होतं. मंद-मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून गेला पाहिजे. लोणी लावून कागदाने पुसून घ्या, तूप-लोण्याचं तळं राहिलं तर पॅनकेकवर चट्टे पडतात. आता पाव कप पीठ एकाच जागी ओता. पसरवू नका. माझी आई शेजारी उभी राहून दर वेळी म्हणते, "अगं, जरा फिरव की पळी!" तरी नाही.

दीड-दोन मिनिटांत वर बुडबुडे येतात. पहिला बुडबुडा दिसला की उलटायचा मोह होतो, पण तो फुटून भोक लगेच भरून येत असेल तर अजून अवकाश आहे. भोकं तशीच उघडी राहून जाळी पडली, कडेची चकाकी गेली, की उलथणं पार खाली सरकवून एकदाच उलटा. दुसरी बाजू मिनिटभरात होते. ती वर उचलली जाताना दिसते, तेव्हाच हात दाबायला शिवशिवतो. दाबलं की आतली हवा गेली. पहिला पॅनकेक बहुधा बिघडतो, तो करणाऱ्याने उभ्याउभ्या खायचा असतो.

झालेले पॅनकेक पोळ्यांच्या डब्यात घट्ट झाकू नका, वाफेने ओले होतात. फडक्यावर ठेवून झाकण तिरकं ठेवा.

अंडं नको असेल तर दोन मोठे चमचे दही वाढवा, फुगवटा थोडा कमी येईल. अर्धी कणीक घातली तर दूध दोन-तीन चमचे जास्त लागतं. वर मेपल सिरप घालायची रीत आहे, पण एक लिटर सिरपसाठी मेपलचा सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो आणि किंमतही तशीच असते. मला तर काकवीच जास्त आवडते. गरम पॅनकेकवर लोण्याचा तुकडा, तो कडेने वितळू लागला की त्यावर काकवीची धार. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळाली तर तीही चिरून घाला.

पीठ उरवू नका, दुपारपर्यंत ते बसतं. सगळे पॅनकेक करून टाका आणि उरलेले संध्याकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करा.