शिफ्ट केल्यावर एक फ्रेम दुधी ॲक्रिलिकची

व्ह्यू कॅमेऱ्याला (ज्यात लेन्स आणि मागचा भाग वेगवेगळे हलवता येतात) डिजिटल बॅक, म्हणजे मागे बसणारा सेन्सरचा भाग, लावून शिफ्ट (सरकवणं) किंवा टिल्ट (कलवणं) केलं, की पांढऱ्या बॅकग्राउंडवर एकीकडे हिरवट आणि दुसरीकडे गुलाबी झाक येऊ शकते. वाइड लेन्सवर हा त्रास जास्तच. ही झाक नंतर ब्रशने पुसण्यात माझे कित्येक तास गेले. शूटच्या वेळीच एक जादा फ्रेम घेतली, तर ती वेळ येत नाही.

१. मूव्हमेंट (शिफ्ट-टिल्ट), फोकस, ॲपर्चर पक्कं करा आणि मुख्य फोटो घ्या.

२. कॅमेऱ्यातलं काहीही न हलवता दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लेन्सच्या तोंडाला सपाट टेकवून धरा. तिरका धरू नका, आणि त्याच्यावर हाताची सावली पडू देऊ नका.

३. ॲक्रिलिक बराच उजेड खातं, म्हणून फ्लॅशची पॉवर वाढवा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साधारण मध्यावर हवा. फ्रेम घ्या.

४. कॅप्चर वन या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये या फ्रेमवरून एलसीसी (लेन्स कास्ट कॅलिब्रेशन, म्हणजे झाक आणि कडांचा काळोख घालवणारी दुरुस्ती) तयार करून मुख्य फोटोंना लावा. तिथेच धूळ काढण्याचा पर्याय आहे, तोही निवडा. सेन्सरवरचे ठिपके एकेक करून टिपण्याचं काम बरंच वाचतं, आणि मला तर हा फायदा झाक जाण्याइतकाच मोलाचा वाटतो.

एक्स्पोजर वाढवण्यासाठी ॲपर्चर मात्र उघडू नका. कडांचा काळोख ॲपर्चरप्रमाणे बदलतो, मग दुरुस्ती चुकीची बसते. शिफ्ट थोडी जरी बदलली, तरी ॲक्रिलिकची फ्रेम पुन्हा घ्या.