पेलेटची पारख: एअर रायफल शिकू लागलेल्यांसाठी

रायफल नेमबाजीकडे वळणारी मुले हल्ली रेंजवर येण्याआधीच बरेच व्हिडिओ पाहून आलेली असतात. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी कशी करतात, तिची मान मऊ पडावी म्हणून ती कशी तापवतात, साऱ्या पुंगळ्यांची लांबी एकसारखी कशी कापतात, हे त्यांना विचारायचे असते. ही कला मुख्यतः लांब पल्ल्याच्या, मोठ्या काडतुसांच्या नेमबाजांची आहे. आपल्याकडे दारूगोळा तयार करण्यासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, त्यामुळे घरी बसून करण्याचा हा उद्योग नाही. आणि 50 मीटरच्या प्रकारातले .22 चे काडतूस पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नसते, कारण ठिणगी पाडणारे मिश्रण त्याच्या पुंगळीच्या कडेतच असते. गोव्यात सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा 10 मीटरची एअर रायफल येते. पुंगळीवर एवढी मेहनत घेण्यामागे प्रत्येक शॉट आधीच्या शॉटसारखा व्हावा, हा एकच हेतू असतो. तोच हेतू मनात ठेवून पेलेटची, म्हणजे एअर रायफलमधून उडणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळीची, निवड आणि निगा कशी करावी, हे फोंड्याकडच्या नवख्या मुलामुलींना मी जसे सांगत आले आहे, तसे येथे लिहिते.

आधी माप समजून घ्यावे. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका केवळ 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पेलेट 4.5 मिलिमीटरचे असते. पेलेटच्या छिद्राची कड ठिपक्याला शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छिद्राचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. दशांश गुणांकनात दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण कमी होतो. एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 धरून साठ शॉटच्या स्पर्धेत कमाल 654 गुण असतात, आणि निवड पुष्कळदा अर्ध्या-पाऊण गुणावर अडते. इतक्या बारीक हिशेबात शिशाच्या त्या अर्ध्या ग्रॅमच्या तुकड्याला महत्त्व येणारच. मात्र किती महत्त्व द्यायचे, हे ठरवताना नवखे नेमबाज हमखास गोंधळतात.

डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: 4.49, 4.50, 4.51 असा. वजनही असते, रायफलसाठी साधारण 0.53 ग्रॅम, पिस्तुलासाठी त्याहून हलके. याखेरीज बॅचचा क्रमांक असतो, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, परंतु दोन वेगळ्या बॅचचे पेलेट एकाच नळीतून वेगवेगळे वागतात. मैत्रिणीच्या रायफलला 4.50 मानवते म्हणून आपल्याही रायफलला ते मानवेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक नळीच्या आतला घाट सूक्ष्म फरकाने निराळा असतो.

म्हणून बॅच तपासावी लागते. रायफल खांद्यावर घेऊन तपासल्यास पेलेटचा दोष कोणता आणि हाताचा कोणता, हे कळत नाही. त्यासाठी ती क्लॅम्पमध्ये घट्ट बसवतात. रेंजवर क्लॅम्प असेल तर प्रशिक्षकांना विचारून अर्धा दिवस मागून घ्यावा. बॅच बदलली की पहिले काही शॉट सोडून द्यावेत, कारण नळीत आधीच्या पेलेटचा अंश राहिलेला असतो. त्यानंतर एकाच कागदावर, रायफलला धक्का न लावता, दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, घ्यावा आणि त्या एकत्र झालेल्या छिद्राची बाहेरची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. ती रुंदी पाच ते सहा मिलिमीटर आली तर बॅच उत्तम समजावी. सातच्या पुढे जाऊ लागली तर दुसरी डबी उघडावी. एका ग्रुपवर कधीही निर्णय घेऊ नये. निदान तीन ग्रुप घ्यावेत आणि त्यांतला सर्वांत वाईट कोणता, हे पाहावे. सर्वांत चांगला ग्रुप मोबाइलमध्ये फोटो काढण्यापुरता ठीक असतो. प्रत्येक कागदावर बॅच क्रमांक, तारीख आणि रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब लिहून तो फाइलला लावावा.

पेलेटचे वजन करण्याबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. हजारांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा विकत घेऊन मुले रात्र रात्र पेलेट वेगळे करत बसतात. हिशेब करून पाहा. सेकंदाला सुमारे 172 मीटर वेगाने निघालेले पेलेट 10 मीटर अंतर 0.058 सेकंदात कापते आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेसोळा मिलिमीटर खाली येते. वजनात एक टक्का, म्हणजे सुमारे 0.005 ग्रॅम, फरक पडला आणि हवेने दिलेली ऊर्जा तीच राहिली, तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि ही घसरण एका टक्क्याने, म्हणजे 0.2 मिलिमीटरहूनही कमी बदलते. त्याची किंमत 0.1 गुणसुद्धा नाही. तो वेळ रिकाम्या रायफलने भिंतीसमोर होल्डिंगचा, म्हणजे रायफल स्थिर धरण्याचा, सराव करण्यात घालवलेला बरा. वजनाऐवजी डोळ्यांनी पारख करावी: पेलेटचा मागचा पोकळ भाग, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो पातळ आणि मऊ असतो, तो चेपला असेल तर हवेचा दाब एकसारखा लागत नाही. असे पेलेट बाजूला काढून सरावासाठी ठेवावे. डबी पिशवीत खुळखुळत नेण्याची सवय मोडली, तर असे पेलेट मुळातच कमी निघतात.

गोव्याची हवा शिशाला आणि पोलादाला दोघांनाही जाचक आहे. जून ते सप्टेंबर दमटपणा, त्यात किनाऱ्याकडे खारी हवा; चवथीच्या सुट्टीनंतर डबी उघडावी तर पेलेटवर पांढरी भुकटी दिसते. ही भुकटी शिशाचीच संयुगे असून विषारी आहे. असे पेलेट पुसून वापरू नयेत. डबी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. बंद लाकडी कपाटात ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसे गंजते. वातानुकूलित खोलीतून रायफल थेट बाहेर आणल्यास नळीवर आणि डायऑप्टरवर (नेम धरण्याच्या मागच्या साइटवर) पाणी धरते, म्हणून पेटी बंदच ठेवून तिला अर्धा तास बाहेरच्या हवेत रुळू द्यावे. पेलेट साबणाने धुण्याचा सल्ला काहीजण देतात. स्पर्धेच्या दर्जाच्या पेलेटला तो लागत नाही. धुवायचे ते आपले हात, साबणाने, प्रत्येक सरावानंतर आणि काहीही खाण्याआधी. पेलेट ओठांत धरण्याची खोड कुणाला असेल तर ती त्याच दिवशी सोडावी.

रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा भरण्यासाठी डायव्हिंगवाल्यांचे 200 बारचे सिलिंडर गोव्यात सहज दिसतात, परंतु भरणारी हवा कोरडी आहे याची खात्री केल्याशिवाय ती घेऊ नये. रायफलच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख असते. तिच्यापासून निर्मात्याने ठरवलेली मुदत, पुष्कळदा दहा वर्षे, संपली की स्पर्धेत तो चालत नाही, आणि जुनी रायफल विकत घेताना नेमके हेच पाहायचे राहून जाते. ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून तो कधीही भरू नये. तेलाच्या अंशाशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

पुढच्या वाटचालीबद्दल थोडेसे. राज्य स्पर्धेनंतर मावळणकर स्पर्धा आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, हा परिचयाचा क्रम आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांनी पुढाकार घेऊन 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली, म्हणून हे नाव. या पायऱ्या चढायच्या तर एकच बॅच हंगामभर पुरली पाहिजे. रोज शंभर शॉटचा सराव असेल तर पाचशेची डबी पाच दिवसांत संपते. त्यामुळे रोजच्या सरावासाठी स्वस्त पेलेट वापरावेत, आणि क्लॅम्पवर पारखलेल्या बॅचच्या जेवढ्या परवडतील तेवढ्या डब्या एकदम घेऊन ठेवाव्यात. स्पर्धेआधीच्या आठवड्यात मात्र सरावालाही तीच बॅच घ्यावी, म्हणजे डायऑप्टरचे क्लिक आदल्या दिवशी बदलावे लागत नाहीत. स्पर्धेच्या सकाळी साठ मोजके पेलेट आणि साइटिंगसाठी, म्हणजे आधी नेम जुळवण्याच्या शॉटसाठी, वेगळे वीस-पंचवीस, असे फोमच्या ट्रेमध्ये स्कर्ट तपासून आधीच लावून ठेवावेत.