भाजलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी कुणाला काय विचारावं

कोल्हापुरात गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या जळीत वॉर्डात काहिलीतल्या, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतल्या, उकळत्या उसाच्या रसानं भाजलेली माणसं यायची. हा रस अंगाला चिकटून बसतो, त्यामुळे साध्या उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतं. आधी 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको. भाजलेला भाग मोठा असेल तर पाण्यासाठी अडून बसू नका, कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळा आणि 108 बोलवा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर दोन गोष्टी न विचारता सांगा: भाजल्याची वेळ आणि पेशंटचं वजन. पहिल्या 24 तासांचं सलाईन वजन आणि भाजल्याच्या टक्क्यांवर ठरतं, अन् त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत जायला लागतं. हे 8 तास भाजल्यापासून मोजतात, भरती केल्यापासून नव्हे. गगनबावड्याहून यायला दोन तास गेले तर हातात सहाच उरतात. वाटेत कुठल्या दवाखान्यात सलाईन लावलं असेल तर त्याची चिठ्ठी आणा. लघवीची पिशवी परस्पर रिकामी करू नका. सिस्टर ती तासातासाला मोजते, त्यावरच सलाईन कमी-जास्त होतं.

पुढं सगळं मोठ्या डॉक्टरांनाच विचारत बसू नका. राउंडला त्यांना ऑपरेशनचं विचारा: जखमेवर कातडी कधी लावणार, ती अंगावरून कुठून काढणार. ड्रेसिंगच्या आधी दुखण्याचं औषध दिलं का, हे सिस्टरला. सरकारी उपचार योजनेची कागदपत्रं आरोग्यमित्राकडं, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडं. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी आणा.

फिजिओथेरपिस्टचं मात्र नातेवाईक ऐकत नाहीत, आणि तिथंच घोळ होतो. मान भाजलेल्याला मायेनं उशी देतात. पेशंटला बरं वाटतं, पण मान तशीच आखडून हनुवटी छातीला ओढली जाते. काखेत भाजलं असेल तर हात अंगापासून लांबच ठेवायचा. स्प्लिंट (सांधा ताठ धरून ठेवणारा आधार) टोचतो म्हणून रात्री काढू नका, टोचतो हे फिजिओथेरपिस्टला सांगा.

जेवणाचं आहारतज्ज्ञाला विचारा, शेजारच्या काकूंना नको. ‘अंड्यानं पू होतो’ हे खोटं आहे. जखम भरायला प्रथिनं भरपूर लागतात. पांढरा रस्सा डबाभर आणता, त्यापेक्षा त्यातलं मटण द्या, डॉक्टरांनी तोंडानं खायला परवानगी दिली असेल तर.

पेशंट गप्प झाला, झोपेत दचकू लागला, तर समुपदेशकाला बोलवायला सांगा. घरी गेल्यावर प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) दिवसाचे 23 तास घालायचा, आंघोळीपुरता काढायचा. सैल झाला की नवीन माप द्यायला या.