मोटर घरबसल्या चालू-बंद करताय? आधी या चुका टाळा

"दादा, रिले टकटक वाजतोय पण मोटर चालू होत नाही." "सर, रात्री मोटर आपोआप चालू होते, कोड चेक करून द्या ना." असले मेसेज सारखे येतात (रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि सोबत फोटो असतो, ब्रेडबोर्ड म्हणजे डाग न देता जोडणी करायची पाटी, त्यावर जंपर वायरींचा झुपका आणि शेजारी पाच एचपीचा स्टार्टर झाकण उघडून ठेवलेला. फोटो बघूनच पोटात गोळा येतो. व्हिडिओ बघून एलईडी पेटवला की लोकांना वाटतं विहिरीवरची मोटर म्हणजे जरा मोठा एलईडी, बास. पण एलईडी रात्रभर चालू राहिला तर कुणाचं काही जात नाही.

क्रम काही नाही, ज्या चुकीचा जास्त राग येतो ती आधी.

आदेशाला रिटेन लावणं

ही मी स्वतः केलेली चूक आहे, म्हणून राग जास्त.

तासगावकडे मामाची द्राक्षबाग आहे, विहिरीवर थ्री फेज मोटर, ठिबकला जाळीचा फिल्टर. मी पुण्यात बसून नोडएमसीयू (वायफायचा छोटा बोर्ड) आणि एमक्यूटीटीवर (ब्रोकर नावाच्या सर्व्हरमार्फत मेसेज पोचवायची पद्धत) सगळं जमवलं होतं आणि भयंकर खूश होतो. फक्त एक त्रास होता, ॲप बंद करून परत उघडलं की बटण चालू आहे का बंद ते दिसायचं नाही. मग मी काय केलं, बटणाच्या मेसेजला रिटेन लावून टाकलं. झालं, ॲप उघडलं की बटण बरोबर दिसायला लागलं, पाच मिनिटांत काम.

एक दिवस दुपारी सहज चेक करायला चालूचं बटण दाबलं. शिवारात लाईट नव्हती, बोर्ड मेलेला, काहीच झालं नाही, मीही विसरून गेलो. संध्याकाळी मामानं फिल्टर धुवायला झाकण काढलं, जाळी वाळत ठेवली आणि जेवायला घरी गेला. रात्री लाईट आली. राउटर सुरू झाला, बोर्ड सुरू झाला, ब्रोकरला जोडला गेला, आणि ब्रोकरनं इमानदारीत दुपारचा जपून ठेवलेला आदेश त्याच्या हातात दिला: चालू.

पहाटे फोन. "अरं, मोटर कुणी सोडली? सगळं शेड पाण्यात हाय!"

उघड्या फिल्टरमधून रात्रभर पाणी शेडमध्ये गेलं होतं आणि तिथं एकोणीस-एकोणीस-एकोणीसची नऊ पोती रचलेली. पाण्यात विरघळणारं खत ते, त्यानं आपलं काम चोख केलं. मी पोचलो तेव्हा नुसत्या ओल्या गोण्या एकमेकीवर चिकटून बसल्या होत्या आणि जमिनीवर पांढरट साय. मामा एक शब्द बोलला नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिटेन म्हणजे काय तर त्या टॉपिकवरचा, म्हणजे मेसेजच्या पत्त्यावरचा, शेवटचा मेसेज ब्रोकर धरून ठेवतो आणि नवीन कुणी आला की लगेच देतो. स्थितीसाठी हे उत्तम आहे, आदेशासाठी घातक. म्हणून दोन टॉपिक वेगळे, आदेशाचा वेगळा, स्थितीचा वेगळा. स्थिती बोर्डानं पाठवायची आणि तिला खुशाल रिटेन लावायचं, आदेशाला कध्धीच नाही. आणि क्लीन सेशन (जुनी जोडणी विसरायची सेटिंग) बंद ठेवून क्यूओएस १ नं (किमान एकदा पोचवायच्या हमीनं) आदेश पाठवलात तर तोच आजार दुसऱ्या दारानं येतो, ब्रोकर बोर्ड येईपर्यंत आदेश राखून ठेवतो. मी आता प्रत्येक आदेशात वेळ घालतो, ६० सेकंदांपेक्षा शिळा आदेश बोर्ड फेकून देतो. शिवाय नुसतं 'चालू' असा आदेशच ठेवलेला नाही, '४० मिनिटं चालू' असाच जातो, म्हणजे मधे नेट गेलं तरी बोर्ड आपला आपण बंद करतो.

एमक्यूटीटी मुळात १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवायला बनलं, म्हणजे लाइन अधूनमधून तुटणारच हे त्यात पहिल्यापासून धरलंय. त्यासाठीच लास्ट विल नावाची सोय आहे, बोर्ड गायब झाला की ब्रोकर स्वतःच 'ऑफलाइन' असं जाहीर करतो. एका ओळीचं काम आहे, तरी कोणी लावत नाही.

बटण हिरवं झालं म्हणजे मोटर चालू झाली असं समजणं

बटण हिरवं होतं कारण तुम्ही ते दाबलंत. रिले वाजला का, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) ओढला गेला का, तिन्ही फेज आहेत का, पाणी येतंय का, हे त्या बटणाला कुठून कळणार? मोटरच्या एका फेजवर करंट मोजायचा सीटी क्लॅम्प लावा, वायर तोडावीही लागत नाही. पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण सात-साडेसात ॲम्पिअर घेते. माझ्याकडे एकच्या खाली असेल तर 'बंद' दाखवतो, आणि चालू असून साडेचारच्या खाली दहा सेकंद राहिली तर विहीर आटली समजून बंद करतो. हे आकडे माझ्या मोटरचे आहेत, तुमच्या मोटरचे तुम्ही मोजा, कॉपी करू नका. (करणारच, माहितीये.)

निळ्या रिलेवर थेट स्टार्टर

त्या निळ्या रिलेवर १० ॲम्पिअर, २५० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि लोक फक्त १० ॲम्पिअर वाचतात. शेतीपंपाच्या थ्री फेज डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरची, कॉन्टॅक्टर ओढणारी कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते, दोन फेजमध्ये जोडलेली. आता २५० चा रिले ४१५ वर लावला तर काय होणार? काही दिवस चालतं, म्हणून तर लोकांना पटत नाही. मग एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतो आणि तुम्ही फोनवर बंद बंद बंद दाबत बसता. आधी कॉइलवर काय लिहिलंय ते वाचा. ४१५ असेल तर मधे २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर टाका, रिलेनं त्याला ओढायचं आणि त्यानं स्टार्टरला. त्या छोट्या कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी जोडणी) लावा, कपॅसिटर एक्स-टूच, म्हणजे मेन्सवर चालणाऱ्या प्रकाराचा घ्या. मोटर बंद केली की बोर्ड रीस्टार्ट होतो अशी तक्रार असते ना, ती बहुतेक वेळा कॉइलच्या झटक्यामुळे असते आणि लोक मात्र तीन-तीन दिवस कोडमध्ये शोधत बसतात.

आणि चालूची जोडणी स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर, बंदची लाल बटणाला सिरीजमध्ये, दोन्ही एक-दोन सेकंदाच्या टिचकीसारखी. रिले ओढून धरून ठेवू नका, नाहीतर लाईट गेली आणि आली की मोटर परत सुरू. स्टार्टरवर ऑटो (लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारा) बसवलेला असेल तर तो काढा, एका म्यानात दोन तलवारी कशाला. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या सळईवर बोर्ड चालवणाऱ्यांशी मी बोलतच नाही, कुणाला तरी शॉक बसल्यावर अक्कल येईल तोवर उशीर झालेला असतो.

लाईट आली की रिले एकदा वाजतो

पिन चुकली. ईएसपी८२६६ (नोडएमसीयूवरची चिप) वर डी-३, डी-४, डी-८ या बूटच्या, म्हणजे चिप सुरू होताना वापरते त्या पिना आहेत, डी-० सुरू होताना हाय जाते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येतो. रिलेला डी-१ आणि डी-२ द्या. मॉड्यूल उलटं चालणारं असेल, म्हणजे लो दिल्यावर ओढणारं, तर आधी पिनवर हाय लिहा आणि मग तिला आउटपुट करा, लोक उलट क्रमानं करतात. रिले सुटतच नसेल तर ३.३ व्होल्टचा हाय त्या ५ व्होल्टच्या मॉड्यूलला पुरत नाहीये, मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलच्या वेगळ्या पुरवठ्याचा) जंपर काढा, व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ द्या.

बाकीच्या पटापट.

सिमवाल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला वाट उघडणं) करत बसू नका, बहुतेक सिमला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, बोर्डानंच बाहेर जोडणी करायची. पब्लिक ब्रोकरवर 'मोटर' नावाचा टॉपिक ठेवलात तर जगातला कोणीही तुमचं रान भिजवू शकतो. पासवर्ड लावा, १८८३ ऐवजी ८८८३ हा एनक्रिप्शनचा पोर्ट वापरा. दोन बोर्डांना एकच क्लायंट आयडी दिला की दोघं एकमेकांना ढकलून बाहेर काढत राहतात आणि दोष नेटवर्कला जातो.

डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरनं ८५ डिग्री दाखवलं तर ऊन वाढलेलं नाही, सेन्सरनं अजून मोजलंच नाही. उणे १२७ म्हणजे वायर सुटली. हे दोन्ही आकडे साठवण्याआधीच फेका, नाहीतर सरासरीची वाट लागते. ४.७ के चा पुलअप रेझिस्टर विसरू नका. डीएचटी२२ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) ला दोन सेकंदांच्या आत परत विचारू नका. ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (ॲनालॉग व्होल्टेज मोजायच्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत, मातीचा ओलावा ३२ ते ३९ नंबरच्या पिनांवरच घ्या. आरएस४८५ (दोन वायरींवरून लांबच्या सेन्सरशी बोलायची जोडणी) चालत नसेल तर आधी ए आणि बी उलटून बघा, मग शिव्या द्या, कंपन्या नावं उलटसुलट छापतात.

डबा. डब्याला खाली वायरसाठी भोक पाडता ना, तिथं ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. मी एकदा स्पंज कोंबला होता. महिन्याभरानं उघडलं तर रिलेच्या आजूबाजूला मुंग्यांनी अंड्यांसकट संसार मांडला होता आणि स्टार्टरच्या दोन फेजमध्ये एक पाल जळून कोळसा होऊन चिकटलेली.

आता सगळं नीट चालतं, दीड वर्ष झालं. तरी फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरायचं असलं की मामा आधी तिन्ही फ्यूज उपसतो आणि बंडीच्या खिशात घालूनच खाली जातो. फोनवर 'बंद' दिसत असतं. तो बघतसुद्धा नाही.